गोगलगायीचे नऊ दिवस

९ फेब्रुवारी

ताई,

कशी आहेस हे विचारायचा मला हक्क राहिलेला नाही, तेव्हा ते सोडून देते. माझा नंबर तू ब्लॉक केलास त्याला तीन वर्षं झाली. पत्ता आत्याकडून घेतला. तिने तो लगेच दिला नाही. "कशाला हवाय?" म्हणाली. मी म्हटलं, "कामाचं आहे." "तुझं नेहमी कामाचंच असतं," म्हणाली, आणि मग आपल्याच लेकीचा पत्ता अशा आवाजात सांगितला की जणू मी चोरच आहे.

तर कामाचंच आहे. गोगलगायीबद्दल आहे.

नाव तूच ठेवलं होतंस. एका बाईच्या स्वादुपिंडातल्या गाठीतून काढून वाढवलेल्या त्या पेशी, दुप्पट व्हायला चार-चार दिवस घेणाऱ्या. आणि शेजारच्या कप्प्यात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी, वीस तासांत दुप्पट, म्हणून त्या घोडा. तू गेल्यावर गोगलगाय माझ्या गळ्यात पडली आणि माझा अख्खा थिसिस तिच्यावर उभा राहिला. 'सतरा नंबर' हे औषध तिला का मारू शकत नाही, याची पाच प्रकरणं. व्हायवा सहा आठवड्यांवर आहे.

त्याआधी एक पेपर छापून यायला हवा. तिथल्या संपादकांनी पेशींच्या ओळखीचा दाखला मागितला. हल्ली सगळ्यांकडे मागतात. मी नमुना तपासायला पाठवला आणि विसरून गेले. काल रिपोर्ट आला. सर बाहेरगावी होते म्हणून मीच फोडला.

पेशींत वाय गुणसूत्र आहे. ती बाई एकाहत्तर वर्षांची होती, दोन मुलींची आई, हॉस्पिटलच्या फॉर्मवर तसं लिहिलंय. तिच्या पेशीत पुरुष कुठून येणार? खाली डीएनएच्या सोळा खुणांचा तक्ता होता. सोळाच्या सोळा घोड्याशी जुळतात. गोगलगाय नाहीच, ताई. गोगलगायीचं लेबल लावलेल्या फ्लास्कमध्ये मी तीन वर्षं घोडा पोसला.

मी बाथरूममध्ये गेले. मग हात धुतले, परत येऊन त्या फ्लास्ककडे बघत बसले. पेशींना पाजायचं ते गुलाबी मीडियम, त्यात वासराच्या रक्ताचा तो गोडसर वास. तीन वर्षं मी याला दिवसाआड पाजलंय.

आता प्रश्न. मला ताबा देण्याआधी तू या पेशी कधी तपासून घेतल्या होत्यास का? घोडा आणि गोगलगाय एका वेळी हूडमध्ये, त्या निर्जंतुक पेटीत, उघडे होते, असं तुझ्याकडून कधी झालं का? मी आरोप करत नाही. पण तुझ्या हातून काही झालं असेल तर आता तरी सांग. यात माझं सगळं अडकलंय.

बारकी


१७ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मलाही बहुधा नकोच होतं.

सर परवा आले. दार लावून घेतलं, पेनच्या टोपणाने कान कोरत कोरत रिपोर्ट वाचला, टोपणाला काय लागलं ते पाहिलं, आणि टोपण पेनला परत लावलं. त्याच पेनाने ते माझ्या थिसिसवर सही करणार आहेत. मला वाटलं आता भडकतील, आरडाओरडा करतील. कसलं काय! चेहरा खुलला.

"बघ! म्हणजे तुझी ती बहीण आकडेही खोटे देऊन गेली आणि पेशीही घाण करून गेली. समितीने केलं ते योग्यच केलं."

"पण सर, माझा थिसिस?"

"त्याला काय धाड भरलीय? शीर्षक बदल. स्वादुपिंड काढ, फुप्फुस घाल. प्रयोग तर खरेच आहेत ना? शेवटी कॅन्सर तो कॅन्सर."

कॅन्सर तो कॅन्सर! पहिल्या वर्षाच्या पोरांना हेच वाक्य लिहिल्याबद्दल ते शून्य देतात. प्रत्येक गाठ वेगळी, प्रत्येकीचं बिघडणं वेगळं, म्हणून तर आपण असे डोळे फोडून एकेका पेशीचा अभ्यास करतो, हे त्यांचंच भाषण. आणि आता स्वादुपिंड काढ, फुप्फुस घाल. जसा काही उशीचा अभ्रा बदलायचाय. मला त्यांची शिसारी आली. पण मी "हो सर" म्हटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण नाहीतर तुला वाटेल की मी काही बाणेदार उत्तर दिलं.

बाहेर काचसामान धुणाऱ्या मावशी भेटल्या. तू गेल्यापासून त्या मला दर महिन्याला एकदा विचारतात, "थोरली काय म्हणते?" आणि मी दर महिन्याला सांगते, "बरी आहे." मला तुझं काहीच माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र केली. लिक्विड नायट्रोजनच्या टाकीतून तुझा डबा काढला. अगदी तळाला होता, हिरव्या झाकणांच्या पाच नळ्या, तुझं ते शाळेच्या फळ्यासारखं अक्षर, वर पिढीचा आकडा आणि तारीख. तू रजेवर गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी गोठवलेल्या. चौकशीच्या वेळी या नळ्या उघडून पाहाव्यात असं कोणाला सुचलं नव्हतं. म्हणजे तुला सुचलं होतं, तू म्हणालीही होतीस. सर म्हणाले होते, "तिच्या नळ्यांवर कोण विश्वास ठेवणार?" आणि विषय संपला होता.

एक नळी तपासायला पाठवली, एक वाढवायला घेतली. तुला वाटेल बारकीला पाझर फुटला. तसं काही नाही. तुझ्या नळीत घोडा निघाला की मी सुटले, एवढाच हिशेब होता.

बारकी


११ मार्च

ताई,

तुझी नळी स्वच्छ आहे. बाई आहे. गोगलगाय आहे. हॉस्पिटलने ठेवलेल्या मूळ गाठीच्या नमुन्याशी एका खुणेचाही फरक नाही.

रिपोर्ट वाचून मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगू? निराशा झाली. परीक्षेत शेजारणीचाही पेपर कठीण गेला असेल अशी आशा धरून बसावं आणि तिचा सोपा गेलेला निघावा, तशी. मग त्या निराशेचीच किळस आली. गेला महिनाभर मला ज्याची त्याची किळस येतेय. कँटीनमधल्या टेबलांची, फ्रीजमधल्या डब्यांची, स्वतःच्या हातमोज्यांतल्या घामाची.

दुसरी नळी जगली. पहिले आठ दिवस वाटलं मेली. तू सांगायचीस ना, "तिला छळू नकोस, तिचं तिला बसू दे." बसू दिलं. दहाव्या दिवशी तळाला छोटी छोटी बेटं दिसली. मग सतरा नंबर दिला. तुझीच मात्रा, तुझेच तास. शंभरातल्या एकाहत्तर मेल्या. तुझ्या पेपरात बहात्तर आहे.

मी तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. तुझे आकडे खरे होते, ताई. औषध काम करतं. सर ज्याला "बाईची कल्पनाशक्ती" म्हणायचे आणि मी शेजारी उभी राहून हसायचे, ते सगळं खरं होतं. औषधाने मेली नाही ती गोगलगाय नव्हतीच, तो माझा घोडा होता. घोडा कसा मरेल?

मग मी माझा डबा काढला. तुझ्या रजेनंतर पेशी माझ्याकडेच राहिल्या, तेव्हापासून मीही दर महिन्याला एक नळी गोठवलीय. पहिल्या तीन तपासायला दिल्या होत्या. पहिलीत दोघंही आहेत, गोगलगाय आणि घोडा, निम्मेनिम्मे. दुसरीत गोगलगाय नावालाच. तिसरीपासून फक्त घोडा. साहजिकच आहे. एकाच फ्लास्कमध्ये दोघांना खायला घातलं तर कोण उरणार?

म्हणजे तू रजेवर गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळं स्वच्छ होतं. आणि माझ्या पहिल्या नळीपर्यंत घाण झाली होती. मधे ते नऊ दिवस आहेत. काका हॉस्पिटलमध्ये होते आणि तू बापाच्या उशाशी होतीस ते नऊ दिवस. तेव्हा या पेशी कोणाच्या ताब्यात होत्या ते तुला सांगायला नको.

पुढचं आज लिहवत नाही.

बारकी


१४ मार्च

ताई,

बसते आणि लिहिते.

आमच्या आईला तू ओळखतेस. साबणाची चिपटी झाली की ती नव्या वडीला चिकटवायची. शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून हलवायची. कालचं दूध उरलं की आजच्यात ओतायची. दहांतून दोनदा सगळंच नासायचं आणि दोन्ही दिवसांचं दूध मोरीत जायचं, तरी तिची सवय गेली नाही. "टाकवत नाही गं," म्हणायची. तू आमच्याकडे राहायला आलीस की नाक मुरडायचीस आणि म्हणायचीस, "मामी, अगं, थेंबासाठी भांडं घालवतेस."

तू रजेवर जाताना मला हूडसमोर उभं करून तीन गोष्टी सांगितल्यास. एका वेळी एकच पेशी उघडायची. प्रत्येकीची मीडियमची बाटली वेगळी, त्यावर तिचंच नाव. आणि वहीत रोजच्या रोज लिहायचं. चुकलं तर खोडायचं नाही. एक रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं, सही करायची आणि आजची तारीख घालायची. "कालची नाही, बारके. ज्या दिवशी लिहितेस त्या दिवशीची." मी मान डोलावली. मला लॅबमध्ये येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तेही तू सरांकडे शब्द टाकलास म्हणून.

तिसऱ्या दिवशी घोड्याच्या बाटलीत दोन बोटं मीडियम उरलं होतं. गोगलगायीच्या बाटलीतही तेवढंच. दोन बाटल्या, दोन्ही अर्ध्यामुर्ध्या, जागा अडवणाऱ्या. मी एक दुसरीत ओतली.

बास. एवढंच केलं. घोड्याच्या बाटलीत वापरलेली पिपेट बुडाली असणार, दोन-चार पेशी तरंगत असतील, त्या गोगलगायीच्या बाटलीत गेल्या आणि तिथून तिच्या फ्लास्कमध्ये. एक स्त्री मेल्यावरही तिची गाठ आठ वर्षं जगली होती. ती मी आईच्या दुधासारखी नासवली.

तुला पहिल्या पत्रात काय विचारलं होतं ते मी आज परत वाचलं. माझ्याकडे नक्कल आहे. "तुझ्या हातून काही झालं असेल तर." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. तरी सांगते, तेव्हा मला ही बाटली खरंच आठवत नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

समितीपुढे मी विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं होतं. हेही तुला ठाऊक आहे.

बारकी


१६ मार्च

ताई,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं नाही, पण ते लिहिताना मला माझी इतकी घाण वाटली की दोन दिवस जेवण गेलं नाही. ते वाक्य सरांच्या तोंडी शोभेल. तेव्हा ते परत लिहिते, नीट.

तू नऊ दिवसांनी परत आलीस. वही कोरी होती. मी एक ओळ लिहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सर वह्या तपासणार होते, आणि रिकामी वही दिसली की पोराला हाकलायचे हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. मी तुझ्यासमोर रडले. तू हॉस्पिटलमधून सरळ आली होतीस, कपड्यांना फिनाइलचा वास येत होता. तू म्हणालीस, "रडू नको. काय काय केलंस ते सांग." मी सांगत गेले आणि तू लिहीत गेलीस. नऊ दिवसांच्या नऊ तारखा, तुझ्या अक्षरात. 'मीडियम बदललं, स्वतंत्र बाटली.' हे मी सांगितलं म्हणून तू लिहिलंस.

तू आयुष्यात एकदाच मागची तारीख घातलीस, आणि ती माझ्यासाठी.

मग दुसऱ्या लॅबने तक्रार केली की आमच्याकडून नेलेल्या गोगलगायीवर औषध चालत नाही. माझ्याकडेही चालेना. सरांचा आणि तुझा तो पेपर मागे घ्यावा लागला. कोणीतरी खोटं असायलाच हवं होतं. समितीने वह्या मागवल्या, हजेरीचं रजिस्टर मागवलं, आणि त्यांना सोन्याची खाण सापडली. नऊ दिवस बाई रजेवर, आणि त्याच नऊ दिवसांच्या प्रयोगांच्या नोंदी बाईच्या अक्षरात! आणखी पुरावा काय हवा? जिने नऊ दिवस बनवले तिने आकडेही बनवले.

तू म्हणालीस, "काम हिने केलं. मी फक्त लिहून घेतलं."

अध्यक्ष बाई माझ्याकडे वळल्या. सर त्यांच्या शेजारी बसून बिस्किट चहात बुडवत होते. ते भिजून कपात पडलं आणि ते चमच्याने शोधू लागले. हे सगळं मला लख्ख आठवतंय. बाईंनी विचारलं, "त्या दिवसांत हे काम तुम्ही केलं होतं का?"

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता तू ओरडशील, आत्याचं नाव घेशील, लहानपणापासूनचं सगळं काढशील. तू काहीच बोलली नाहीस. पुढची वीस मिनिटं तू काहीच बोलली नाहीस. त्यांनी ते कबुली म्हणून लिहून घेतलं. सहा वर्षांचं काम गेलं, पीएचडीची नोंदणी रद्द झाली, चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि महिनाभरात सरांनी तुझं टेबल मला दिलं. त्याच्या खणात तुझी हातमोज्यांची अर्धी पेटी होती. ती मी वापरली.

वर्षाने काका गेले तेव्हा मी आले नाही. परीक्षा आहे म्हणून कळवलं. परीक्षा नव्हती.

आज सरांकडे गेले होते. सगळं सांगितलं, बाटलीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडलेली मढी उकरून कोणाचं भलं झालंय? ती आता शाळेत शिकवते ना? पोरंबाळं आवडतात तिला. सुखात असेल. तेवीस तारखेला तुझी व्हायवा. पुढची जागा मी बोलून ठेवलीय. दोन वाक्यांसाठी हे सगळं घालवणार आहेस?"

"दोन नाहीत सर. एकच आहे."

"मग तर काहीच नाही," म्हणाले. आणि कान कोरायला टोपण काढलं.

मी उठले. मला भीती वाटली की इथेच बसले तर मी परत "हो सर" म्हणेन.

बारकी


१८ मार्च

ताई,

सोबत समितीला दिलेल्या पत्राची नक्कल जोडतेय. मूळ पत्र आज सकाळी अध्यक्ष बाईंच्या हातात दिलं आणि पोच घेतली. तिन्ही तपासण्यांचे रिपोर्ट आणि तुझ्या नळीवर केलेल्या प्रयोगांचे आकडे सोबत लावलेत.

*

अध्यक्ष, चौकशी समिती, यांस,

तीन वर्षांपूर्वी आपल्यासमोर मला विचारण्यात आलं होतं की माझी आतेबहीण रजेवर असलेल्या नऊ दिवसांत पेशींचं काम मी केलं होतं का. मी 'मला आठवत नाही' असं उत्तर दिलं होतं.

मला आठवतं. तेव्हाही आठवत होतं.

ते काम माझ्याकडे होतं. मी वही लिहिली नाही. ती परतल्यावर माझ्या सांगण्यावरून तिने नोंदी केल्या, मला शिक्षा होऊ नये म्हणून. मीडियम चार वेळा बदललं. 'स्वतंत्र बाटली' ही नोंद खोटी आहे आणि ते खोटं माझं आहे. तिसऱ्या दिवशी मी दोन पेशींच्या मीडियमच्या बाटल्या एकत्र केल्या. त्यामुळे मूळ पेशींत दुसऱ्या पेशी मिसळल्या आणि त्यांनी मूळ पेशींना संपवलं. तिचे आकडे मूळ पेशींवरचे होते आणि ते बरोबर आहेत. सोबतचे रिपोर्ट पाहावेत.

माझा थिसिस ज्या पेशींवर लिहिला आहे त्या त्या नाहीत. तो मी मागे घेते. तिच्यावरचा ठपका काढावा, तिची नोंदणी पूर्ववत करावी, आणि मागे घेतलेल्या पेपराबद्दल तिच्या नावानिशी खुलासा छापावा, ही विनंती.

*

अध्यक्ष बाईंनी चष्मा काढून दोनदा वाचलं. "तुम्हाला कोणी भाग पाडलंय का?" विचारलं. मी नाही म्हटलं. "मग आत्ताच का?" विचारलं तेव्हा मी तुझ्या नळीचा रिपोर्ट पुढे सरकवला. व्हायवा रद्द झाली. सरांनी माझी किल्ली काढून घेतली. मावशींना सांगितलं तेव्हा त्या बाटल्या विसळायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "थोरलीला कळवलंस का?" म्हटलं, "पाच वेळा." "मग आता गप बस," म्हणाल्या.

गप बसते.

बारकी


२ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड आलं. मी जिन्यातच उभं राहून वाचलं. मायना नाही, सही नाही, ते फळ्यावरचं अक्षर. इतकंच लिहिलंयस:

'पत्रं वाचली. समितीला लिहिलेल्यात मीडियम चार वेळा बदललं असं आहे. मी परत आले तेव्हा फ्लास्क पिवळा पडला होता. किती वेळा बदललं?'

मला आधी हसू आलं. तीन वर्षांनी बोललीस आणि काय बोललीस! मग पायरीवर बसले.

चार हा आकडा तुझ्या वहीतला आहे. म्हणजे मीच तेव्हा तुला सांगितलेला. समितीला पत्र लिहिताना मी तो तिथून जसाच्या तसा उतरवला. कबुली लिहायला बसले तरीही माझं निम्मं खोटं तुझ्या अक्षरात तसंच ठेवलं. मुद्दाम केलं का? मी स्वतःला खूप विचारलं. मुद्दामच असणार. आळशी दिसण्यापेक्षा धांदरट दिसलेलं मला बरं वाटलं असणार.

दिवसेंदिवस न बदललेलं मीडियम पिवळं पडतं, आणि तू त्या दिवशी तो पिवळा फ्लास्क पाहिला होतास. मी रडत रडत चार म्हणाले तेव्हाच तुला माहीत होतं. तरी लिहिलंस.

एकदा, ताई. फक्त तिसऱ्या दिवशी. ज्या दिवशी बाटल्या ओतल्या त्याच दिवशी.

बाकीचे दिवस मी लॅबमध्ये गेलेच नाही. खोलीवर पडून होते. मला त्या मीडियमच्या वासाने मळमळायचं. वासराचं रक्त, कोणाची तरी गाठ, ती उबदार कपाटात वाढतेय, आणि आपण तिला रोज जेवू घालायचं. पहिल्या दिवसापासून मला या कामाची किळस होती आणि तू माझ्यासाठी सरांच्या पाया पडली होतीस, तेव्हा तोंड उघडायचं धाडस झालं नाही. वासाची सवय नंतर झाली. स्वतःची अजून होत नाही.

अध्यक्ष बाईंकडे आज परत गेले. त्यांच्या फाइलमधलं माझं पत्र मागून घेतलं. 'चार'वर एक रेघ मारली, आकडा खाली वाचता येईल अशी. शेजारी 'एक' लिहिलं. सही केली आणि आजची तारीख घातली.

बारकी